चाकांवरचे घर : धंदा गाडीचा की मुक्कामाच्या जागेचा?

पर्यटनाच्या धंद्यात पैसा आहे, असे हल्ली जो तो सांगतो. कापड, भांडी, किराणा अशा जुन्या धंद्यांतील मंडळीही हॉटेल, गाड्या, होम-स्टे यांत भांडवल घालू लागली आहेत. त्यात आता कॅम्परव्हॅनची भर पडली आहे. कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, केरळनेही त्याच वर्षी स्वतःचे धोरण आणले. तेव्हापासून या धंद्याविषयी बाजारात विचारणा होत असते. या विषयावर आम्ही स्वतः पाहिलेले आणि हिशेबाच्या वहीत लिहून आणलेले काही वाचकांपुढे ठेवत आहोत.

आमचे एक स्नेही भिवंडीचे. तीस वर्षे त्यांनी यंत्रमाग चालवले. आम्ही त्यांचे कापड घेत आलो, त्यामुळे व्यवहारातूनच दोस्ती झाली. मध्यंतरी त्यांनी माग विकले. हाती आलेली रक्कम म्हणजे त्यांच्या आयुष्याची कमाई. ती घेऊन सहा कॅम्परव्हॅन बांधून घ्यायच्या, मुंबईत उभ्या करायच्या आणि कोकण-घाट फिरणाऱ्यांना भाड्याने द्यायच्या, असा त्यांचा बेत ठरला. आम्ही चार आणे भागीदारी घ्यावी असा त्यांचा आग्रह होता. आम्ही म्हटले, "भाई, मालाचा नमुना पाहिल्याशिवाय आपण एक ताग्याचाही सौदा करत नाही. हा तर सहा गाड्यांचा सौदा. जिथे हा धंदा मुरला आहे तिथे जाऊन, गिऱ्हाईक होऊन पाहू."

२०२५ साली रमजान ईद मार्चच्या अखेरीस आली. ईदचा हंगाम संपला, वसुलीचे काम मुलांवर सोपवले आणि एप्रिलमध्ये आम्ही दोघे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बारा दिवस कॅम्परव्हॅन घेऊन फिरलो.

न्यूझीलंडच का?

पहिले कारण असे की तिथे आपल्यासारखीच गाडी डावीकडून चालते आणि इंग्रजीत असलेला आपला परवाना पाहुण्याला चालतो. दुसरे कारण भूगोलाचे. दक्षिण बेटाचे क्षेत्रफळ सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्मे, आणि वस्ती अवघी बारा लाखांच्या आसपास. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्याला समांतर डोंगराची उंच भिंत आणि पलीकडे कोरडे पठार. कोकण, सह्याद्री आणि देश हीच रचना तिथे आहे. पाऊसही तसाच पडतो. पश्चिम बाजूच्या फ्रान्झ जोसेफ गावी वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि डोंगरापलीकडच्या टेकापोला जेमतेम सहाशे. आपल्याकडे आंबोली आणि माण-म्हसवड यांच्यात असाच फरक आहे. तेव्हा तिथे जे चालले ते आपल्या भागात कितपत चालेल, हे ताडून पाहणे सोपे जाते.

सफरीचा मार्ग

क्राइस्टचर्च शहरातून गाडी ताब्यात घेतली. व्हॅन म्हणजे सहा मीटर लांबीचा उंच टेम्पोच. आत दोन बाके, रात्री तीच जोडून बिछाना होतो. दोन चुलींचा गॅस, लहान फ्रिज, मोरी, स्वच्छ पाण्याची एक टाकी, वापरलेल्या पाण्याची दुसरी टाकी आणि कोपऱ्यात संडास. संडासाची पेटी खालून ओढून काढता येते व ठरलेल्या ठिकाणी रिकामी करता येते. ही शेवटची दोन अंगे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. पुढे सगळा हिशेब त्यांच्यावरच येतो.

पहिल्या दिवशी आर्थर्स पासचा घाट चढलो. खिंड ९२० मीटर उंचीवर आहे. घाटमाथ्यावर केआ नावाचे हिरवे पोपट आहेत. उभ्या गाडीचे रबर चोचीने उचकटणे हा त्यांचा उद्योग. आमच्या खिडकीची पट्टी वाचवण्यासाठी स्नेह्यांना टॉवेल घेऊन बाहेर उभे राहावे लागले. घाट उतरून पश्चिम किनारा लागतो. ग्रेमाउथच्या उत्तरेला पुनाकाइकी येथे चुनखडीचे खडक आहेत. दुकानात तागे एकावर एक रचावेत तसे हजारो पातळ थर. भरतीच्या वेळी खालच्या भेगांतून समुद्राचे पाणी तोंडावर उडते. हे पाहण्यास तिकीट नाही. वाट बांधलेली, कठडे मजबूत आणि संडास स्वच्छ.

तिथून दक्षिणेस होकिटिका, फ्रान्झ जोसेफ व फॉक्स या हिमनद्यांची गावे आणि मग हास्टची खिंड. उजव्या हाताला खवळलेला समुद्र, डाव्या हाताला बर्फाची शिखरे आणि मध्ये दाट ओले जंगल. अशा रस्त्यावर गाडी थांबवावीशी वाटते तिथे थांबवता येते आणि पाच मिनिटांत चहा होतो, ही कॅम्परव्हॅनची खरी चैन. एरवी सुखात तिथे एकच खोट. या किनाऱ्यावरची सँडफ्लाय नावाची बारीक माशी अशी चावते की आठवडाभर खाज जात नाही.

रस्त्याची गोष्ट सांगायलाच हवी. २६ मार्च २०१९ रोजी फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरचा पूल पुरात वाहून गेला. किनाऱ्यावरचा हा एकच हमरस्ता. तो तुटला की सगळी गावे उपाशी. अठरा दिवसांत तिथे नवा बेली पूल उभा राहिला. पर्यटनाच्या धंद्याचे खरे भांडवल रस्ता हेच आहे, हे त्या सरकारला ठाऊक आहे.

हास्टची खिंड ओलांडली की वानाका सरोवर लागते आणि हवा एकदम कोरडी होते. एप्रिल म्हणजे तिथला शरद ऋतू. पॉप्लरची झाडे पिवळी धमक झालेली. पुढे लिंडिस पास, ९७१ मीटर. दोन्ही बाजूंना सोनेरी गवताच्या उघड्या टेकड्या. मग मॅकेंझी पठार आणि टेकापो सरोवर. आकाश निरभ्र असले तर तिथून पुढे ३,७२४ मीटर उंचीच्या आओराकी अर्थात माउंट कुकच्या रांगा दिसतात. तेथून पुन्हा क्राइस्टचर्च. आडवाटा धरून आमचे सोळाशे किलोमीटर झाले.

मेंढीने शिकवलेला धडा

लिंडिस पासच्या आसपासचा भाग मेरिनो मेंढीचा. कापडवाल्याचे पाय तिथे थबकणारच. ओल्या जमिनीत या मेंढीचे खूर सडतात, म्हणून ती डोंगराच्या कोरड्या अंगालाच जगते. आपल्या माणदेशातही मेंढपाळी आणि घोंगडी याच कारणाने टिकून आहेत. तारकोळ लोकर आणि तलम लोकर यांतील फरक मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. मेरिनोचा तंतू सतरा ते वीस मायक्रॉनचा, गालिच्याच्या लोकरीचा तीसच्या वर.

या देशात १९८२ साली सात कोटींहून अधिक मेंढ्या होत्या. आज त्या अडीच कोटींपेक्षाही कमी आहेत. १९८४ नंतर सरकारने शेतीची अनुदाने काढून घेतली, गालिच्यात कृत्रिम धागा शिरला आणि अनेकांनी मेंढ्या विकून दुभत्या गाई घेतल्या. जाड्या लोकरीचा भाव काही वर्षे इतका पडला की कातरणीची मजुरीही सुटेना. त्याच काळात मेरिनो मात्र तगली. १९९५ मध्ये सुरू झालेल्या आइसब्रेकर कंपनीने मेरिनोचे अंगात घालायचे कपडे स्वतःच्या नावाने विकले आणि मेंढीवाल्यांशी दीर्घ मुदतीचे करार केले. २०१८ साली ही कंपनी अमेरिकेच्या व्ही. एफ. कॉर्पोरेशनकडे गेली.

एका मेंढीवाल्याने आमच्या हातावर लोकरीची बट ठेवली. स्नेह्यांनी ती दोन बोटांत चोळून पाहिली आणि बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भाई, तीस वर्षे मी ग्रे कापडच विकले. माझ्या मागावरचे आहे हे कुणी विचारलेच नाही. आजूबाजूला कुणी चार पैसे भाव उतरवला की मलाही उतरवावा लागायचा."

आम्ही विचारले, "मग तुमच्या सहा गाड्या म्हणजे ग्रे की नावाचा माल?"

त्या दिवशी त्यांनी उत्तर दिले नाही. पण वहीत हा प्रश्न लिहून घेतला.

गाडीवाल्याचे गणित

कॅम्परव्हॅन भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपन्यांची रीत पाहण्यासारखी आहे. तिथल्या टूरिझम होल्डिंग्ज या कंपनीची तीन नावे रस्त्यावर दिसतात. माउई नावाखाली नवी गाडी महाग भाड्याने जाते. ती जुनी झाली की ब्रिट्झ नावाखाली मध्यम भाड्याने आणि आणखी जुनी झाली की माइटी नावाखाली स्वस्तात. शेवटी ती सामान्य माणसाला विकली जाते. आपल्या धंद्यात फ्रेश, सेकंड, फेंट आणि चिंधी, तसेच हे. एकाच मालातून चार वेळा पैसा.

पण ही रीत कशावर उभी आहे? जुन्या व्हॅनला तिथे घरोघर गिऱ्हाईक आहे. अशा गाड्या बाळगणाऱ्यांची एक संघटना १९५६ पासून आहे आणि तिचे सभासद लाखाच्या वर आहेत. कोरोनाच्या साथीत १९ मार्च २०२० रोजी देशाची सीमा बंद झाली. ती पूर्ण उघडायला जुलै २०२२ उजाडले. परदेशी गिऱ्हाईक शून्यावर आले. तेव्हा कंपन्यांनी गाड्या देशातल्या लोकांना विकून रोकड उभी केली. आपल्याकडे वापरलेल्या कॅम्परव्हॅनला बाजारच नाही. म्हणजे वेळ आली तर माल गळ्यात.

दुसरी गोष्ट रिकाम्या फेरीची. पाहुणे ऑकलंडला विमानाने उतरतात, दक्षिणेकडे फिरत येतात आणि क्राइस्टचर्चला गाडी सोडून जातात. गाड्या एका टोकाला साचतात. त्या परत न्यायला ड्रायव्हर ठेवणे परवडत नाही, म्हणून ठरलेल्या दिवसांत परत पोहोचवणाऱ्याला कंपन्या दिवसाला एक डॉलर भाड्यानेही गाडी देतात. आपल्या ट्रकवाल्यांना परतीचे भाडे मिळाले नाही तर काय होते, हे सांगायला नको.

तिसरी गोष्ट जोखमीची. गाडीला ओरखडा गेला तर विम्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम हजारो डॉलरची असते. ती कमी करायची तर रोजचा वेगळा आकार द्यावा लागतो. न्यूझीलंडचा एक डॉलर म्हणजे सुमारे पन्नास रुपये, एवढे धरून वाचकांनी हिशेब करावा. डिझेल गाडीला वर रस्त्याचा कर लागतो, तो हजार किलोमीटरच्या हिशेबाने. शिवाय हंगामाच्या दोन-तीन महिन्यांत भाडे दुप्पट-तिप्पट आणि थंडीत गाड्या उभ्या. घसारा मात्र बाराही महिने चालू.

पैसा कुठे थांबतो?

बारा रात्रींपैकी चार रात्री आम्ही फुकटच्या जागी काढल्या, चार रात्री सरकारी वन-निसर्ग खात्याच्या तळांवर आणि चार रात्री खाजगी हॉलिडे पार्कमध्ये.

फुकट मुक्कामाला फ्रीडम कॅम्पिंग म्हणतात. २०११ साली त्याचा कायदा झाला. त्याआधी आणि नंतरही लोकांच्या तक्रारी फार होत्या. पाहुणे झुडपांत घाण करतात, नदीत भांडी धुतात, कचरा टाकून जातात. गावकरी चिडले. २०२३ साली कायदा कडक झाला. ज्या गाडीत पक्का बसवलेला संडास आहे आणि किमान तीन दिवसांचे पाणी व सांडपाणी साठवण्याची सोय आहे, तिलाच हिरवा दाखला मिळतो. दाखल्याविना अशा जागी रात्र काढली तर चारशे डॉलर दंड. त्याच वेळी घाण कुठे टाकायची याचीही सोय केलेली आहे. बहुतेक गावांत सांडपाणी व संडासाची पेटी रिकामी करण्याची सार्वजनिक जागा असते. नकाशावर तिची खूण असते आणि बऱ्याच ठिकाणी ती मोफत असते. दंड आणि सोय हातात हात घालून चालतात. नुसता दंड असता तर लोकांनी पळवाटा काढल्या असत्या.

सरकारी तळ दोनशेहून अधिक आहेत. पुष्कळ ठिकाणी राखणदार नसतो. लिफाफ्यात पैसे घालायचे, गाडीचा नंबर लिहायचा आणि लोखंडी पेटीत टाकायचा. अंधारात, पावसात लोक उतरून लिफाफा टाकताना आम्ही पाहिले. इमानदारीवर चालणारी वसुली स्वस्त पडते. राखणदाराचा पगार वाचतो.

हॉलिडे पार्क हा मात्र खरा धंदा. बऱ्याच ठिकाणी एक कुटुंबच तो चालवते. सपाट केलेल्या जागा, प्रत्येक जागेला विजेचा खांब, गरम पाण्याच्या न्हाण्या, कपडे धुण्याचे यंत्र आणि सामायिक स्वयंपाकघर. रात्रीला गाडीचे नव्हे, माणशी पैसे. त्याच अंगणात तंबूवाले येतात, सायकलवाले येतात, मोटारीतून येऊन लाकडी खोलीत राहणारे येतात. माउई येवो की माइटी, मालकाला फरक नाही. गाडी बिघडली तर नुकसान गाडीवाल्याचे. जागेची किंमत मात्र दरवर्षी वाढतच असते.

टेकापोला अशाच एका पार्कात रात्री डाळ-भात शिजवताना स्नेही म्हणाले, "भाई, त्या दिवशीचे उत्तर सापडले. गाडी म्हणजे ग्रे. पैसा असेल तो कुणीही उद्या दहा गाड्या आणून माझा भाव पाडेल. पण माझ्या वाडीतून दिसणारा समुद्र दुसऱ्या कुणाला आणता येणार नाही."

कोकणचा हिशेब

स्नेह्यांची रत्नागिरी जिल्ह्यात वडिलोपार्जित वाडी आहे. विहिरीला पाणी आहे, रस्ता वाडीपर्यंत येतो. आजवर ती भाऊबंदांच्या गप्पांपुरतीच उपयोगी होती. परत आल्यावर आम्ही दोघांनी दोन पाने समोर ठेवली.

एका पानावर गाड्या. पावसाचे चार महिने घाट अवघड, तेव्हा गाड्या उभ्या. प्रवासी परवाना, विमा, ड्रायव्हर, देखभाल. जुनी गाडी घेणारा बाजार नाही. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की गिऱ्हाईक गाडी घेऊन किनाऱ्यावर गेले तर रात्री उभे कुठे राहणार, टाकी कुठे रिकामी करणार? एखाद्याने खाडीत रिकामी केली की गावकरी चिडणार आणि पुढच्या गाडीला गावात थारा मिळणार नाही. तिथे जी तक्रार कायदा करून मिटवावी लागली, ती इथे आपण पहिल्याच वर्षी ओढवून घेऊ.

दुसऱ्या पानावर तळ. सपाट केलेल्या आठ जागा, वीज, पाणी, सहा संडास-न्हाण्या, नीट बांधलेली सांडपाण्याची टाकी, धुण्याची जागा आणि एक शेड. कॅम्परव्हॅन आली तर उत्तमच. नाही आली तरी टेम्पो ट्रॅव्हलरने निघालेले कुटुंब येईल, मोटारसायकलवाले येतील, तंबूवाले येतील. गिऱ्हाईक एका प्रकारच्या गाडीवर अवलंबून नाही. कोकणातील खाड्यांवरचे पूल होऊन रेवस-रेड्डी किनारी मार्ग जसजसा जोडला जाईल, तसतशा अशा जागांना मागणी येईल. सरकारी धोरणातही गाड्यांबरोबर कॅरव्हॅन पार्कची तरतूद आहे.

यातही धोके आहेत. समुद्रालगतच्या बांधकामाला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. जमिनीचा सातबारा, भाऊबंदांची संमती, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, हे आधी आणि खडीचा ट्रक नंतर, असे आम्ही बजावले. तसेच निम्मी रक्कम बँकेतच ठेवायची, ही आमच्या चार आण्यांची अट होती. ती त्यांनी मान्य केली. सहा गाड्यांचा बेत रद्द झाला. कागदपत्रांचे काम सुरू आहे.

सफर करू इच्छिणाऱ्यांसाठी

ज्यांना नुसती सफर करायची आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू कागदावर जाहीर करावी. लपवलेल्या जिनसेला जागेवर चारशे डॉलर दंड होतो आणि मध तर नेताच येत नाही. त्या देशातील बरेचसे मांस हलाल पद्धतीने तयार होऊन परदेशी जाते, पण तिथल्या दुकानातील प्रत्येक पाकिटावर तसा शिक्का नसतो. तेव्हा विचारून घ्यावे किंवा गाडीत स्वयंपाक करावा. एकेरी पुलांवर बाणांची खूण पाहूनच गाडी घालावी. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला उन्हाळा आणि महागाईचा काळ. मार्च-एप्रिल बरा.

आणि सोबत्याविषयी. सहा मीटरच्या गाडीत बारा दिवस दोघांनी काढायचे तर पैशाची थैली एक असावी. दोघांनी सारखी रक्कम घालावी आणि खर्च रोज रात्री लिहावा. गाडी दोन-दोन तासांनी बदलून चालवावी. जो चालवतो त्याला दुसऱ्याने वाट सांगावी, चालवणे शिकवू नये. कुणाच्या घोरण्याचा विषय सकाळी काढू नये. एवढे पाळले तर सफर सुखाची होते. ज्या माणसाबरोबर भागीदारी करायची आहे, त्याच्याबरोबर आधी एक लांबची सफर जरूर करावी. वकिलाकडून करारपत्र करून घेण्याआधीच निम्मी चौकशी पुरी होते आणि तीही समुद्र व डोंगर पाहता पाहता.